बडबड्या यंत्रमानव सोबत्याचे संवाद कसे लिहावेत

व्हिडिओ गेममधला बडबड्या यंत्रमानव खेळाडूला हवाहवासा वाटायचा असेल, तर त्याला बोलायला शिकवण्याआधी गप्प राहायला शिकवावे. २०११ च्या ‘पोर्टल २’ या खेळातील व्हीटली हा यंत्रमानव सतत बोलतो, तरी त्याचे बोलणे समोर घडणाऱ्या गोष्टीला धरून असल्यामुळे ऐकावेसे वाटते.

खेळ नाशिकच्या गोदाघाटावर घडत असेल, तर “नदीला पूर आला आहे” असे कोरडे वाक्य न देता “दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं भाऊ, आता सराफ बाजारातून नको” असे यंत्रमानवाच्या तोंडी घालावे. पुराचा अंदाज नाशिककर याच मूर्तीवरून घेतात.

प्रत्येक प्रसंगासाठी पाच-सहा पर्यायी वाक्ये लिहून ती पत्त्यांसारखी पिसावीत, म्हणजे सगळी संपेपर्यंत एकही पुन्हा ऐकू येणार नाही. झटापट सुरू होताच चालू वाक्य तोडण्याची सोय ठेवावी. उपशीर्षके, म्हणजे पडद्यावर दिसणारा संवादांचा मजकूर, अवश्य द्यावीत.

कोड्याचे उत्तर यंत्रमानवाने लगेच सांगून टाकणे हा मला सर्वांत मोठा दोष वाटतो, कारण त्यामुळे शोधण्याचा आनंदच हिरावला जातो. खेळाडू बराच वेळ अडकल्यावरच त्याने आधी मोघम आणि मग स्पष्ट सूचना द्यावी.