प्रागचं ओर्लोय: पंचांग येणाऱ्यांनी ते कसं वाचावं

बडोद्याहून युरोपला जाणाऱ्या सहलींत प्राग असलं, की जुन्या नगरभवनाचं खगोलीय घड्याळ, म्हणजे ओर्लोय, असतंच. टूरवाले तासाच्या ठोक्याला सगळ्यांना समोर उभं करतात, वरच्या खिडक्यांतून पुतळे फिरून जातात आणि मंडळी जेवायला निघतात. एवढ्यानं घड्याळ पाहून होत नाही. खरा ऐवज खिडक्यांखालच्या मोठ्या खगोलीय तबकडीत आहे, आणि पंचांग चाळायची सवय असलेल्याला ती इतरांपेक्षा लवकर कळते. त्यासाठी पाऊण तास वेगळा काढा.

मेट्रोच्या ए मार्गावर स्तारोमेस्तस्का स्थानकावर उतरलं की चौक चालत जवळच. कागदी तिकीट नुसतं घेऊन चालत नाही. फलाटावर जाण्याआधी यंत्रात त्यावर वेळेचा ठसा घ्यावा लागतो. ठसा नसेल तर तिकीट असूनही दंड होतो.

पुतळ्यांचा फेरा सकाळी ९ ते रात्री ११ दर तासाला होतो आणि जेमतेम मिनिटभर चालतो. दुपारी गर्दी फार, म्हणून सकाळी ९ चा किंवा रात्री ९ नंतरचा फेरा धरा आणि दहा मिनिटं आधी पोहोचा. अगदी भिंतीखाली उभं राहू नका. खिडक्या तबकडीच्या वर आहेत, मान दुखते आणि पुतळे अर्धेच दिसतात. पंधरा-वीस पावलं मागे थांबा. सगळ्यांच्या माना वर असतात तेव्हाच पाकीटमार हात साफ करतात. पर्स पुढे घ्या, मोबाइल मागच्या खिशात ठेवू नका.

सुरुवात उजवीकडच्या सांगाड्यापासून होते. तो दोरी ओढून घंटी वाजवतो आणि वाळूचं घड्याळ उलटं करतो. शेजारचे पुतळे ‘अजून नाही’ म्हणून माना हलवतात. मग बारा प्रेषित, म्हणजे येशूचे शिष्य, शेवटी सोनेरी कोंबडा आरवतो आणि तासाचे टोल पडतात.

गर्दी पांगली की तबकडीकडे वळा. रावपुऱ्याचा चिमणाबाई टॉवर १८९६चा. हे घड्याळ १४१०चं, कादानच्या मिकुलाशनं घडवलेलं. गणित यान शिंदेल या प्राध्यापकाचं, असं मानतात. मिनिटकाटा शोधू नका, तो नाहीच. सोनेरी हाताचा काटा २४ तासांत एकच फेरी करतो. रोमन आकडे १ ते १२ दोनदा आहेत: वरच्या १२ वर मध्यान्ह, खालच्या १२ वर मध्यरात्र. उन्हाळ्यात काटा तुमच्या घड्याळाच्या एक तास मागे दिसेल. तो बिघाड नव्हे. युरोपात उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, तबकडी मात्र मूळ वेळेवरच राहते.

काट्यावरचा सूर्य वर्षभरात पुढे-मागे सरकतो. निळा भाग म्हणजे दिवस, तांबूस पट्टा संधिप्रकाश, काळं वर्तुळ रात्र. उन्हाळ्यात सूर्य केंद्रापासून लांब असतो आणि निळ्या भागात जास्त वेळ राहतो. निळ्या भागातल्या सोनेरी वक्ररेषा दिवसमानाचे बारा सारखे भाग करतात. राहुकाळ काढताना आपण आठ करतो, तत्त्व तेच. प्रागमध्ये हिवाळ्यात दिवस सुमारे आठ तासांचा, उन्हाळ्यात सोळांचा. म्हणून असा एक ‘तास’ कधी ४० मिनिटांचा, कधी ८० मिनिटांचा होतो.

सगळ्यात बाहेरच्या कड्यावर १ ते २४ जुने चेक आकडे आहेत. हे तास सूर्यास्तापासून मोजतात आणि २४ म्हणजे सूर्यास्त. त्यासाठी अख्खं कडंच वर्षभर पुढे-मागे फिरतं. शक्य असेल तर सूर्यास्ताच्या वेळी तिथे थांबा. सूर्य क्षितिजरेषेवर, म्हणजे निळ्या भागाच्या कडेवर, आणि काटा २४ वर, दोन्ही एकदम जुळताना पाहिलं की सगळी रचना उलगडते.

आता राशी. मध्यापासून बाजूला सरकलेलं कडं म्हणजे राशिचक्र. इथे बरेच मराठी प्रवासी गोंधळतात, कारण राशी सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या आहेत. आपल्या निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून राशी मोजणाऱ्या पंचांगाशी सुमारे २४ अंशांचा फरक पडतो. बडोद्यात १४ जानेवारीला उत्तरायणाचे पतंग उडतात तेव्हा आपल्याकडे सूर्य नुकता मकरेत येतो, तर या तबकडीवर तो मकर जवळजवळ ओलांडून गेलेला असतो.

तिथी मात्र जुळते, कारण ती सूर्य-चंद्रातल्या अंतरावर ठरते आणि तो फरक दोघांनाही सारखाच लागू होतो. चंद्र म्हणजे अर्धा काळा, अर्धा रुपेरी गोळा. सूर्यापासून घड्याळाच्या उलट दिशेनं चंद्रापर्यंत राशी मोजा. प्रत्येक राशीच्या अडीच तिथी. सहा राशी झाल्या की पौर्णिमा. आकाशातल्या चंद्राचा वेग बदलता, चाकाचा ठराविक, त्यामुळे एखाद्या तिथीचा फरक सोडून द्या. मूळ रचनेत राशिचक्राच्या चाकाला ३६५ दाते, सूर्याच्या ३६६, चंद्राच्या ३७९. जितके दाते कमी तितकं चाक जलद, म्हणून राशिचक्र वर्षाला सूर्यापेक्षा एक फेरी जास्त घेतं. सहाशे वर्षांपूर्वी हे लोखंडात उतरवलं, याला दाद द्यायलाच हवी.

तिच्याखालची दुसरी, दिनदर्शिकेची तबकडी रोज एक घर सरकते. महिन्यांची चित्रं योसेफ मानेस या चित्रकाराची, पण भिंतीवर प्रत आहे. मूळ तबकडी शहराच्या संग्रहालयात जपली आहे.

नगरभवनाचं तिकीट काढलंत तर आतल्या प्रार्थनागृहातून प्रेषित अगदी जवळून दिसतात, आणि मनोऱ्यावर लिफ्टनं जाता येतं. फक्त एकाच फेऱ्यात आतून आणि चौकातून दोन्ही पाहणं जमत नाही, तेव्हा दोन तासांचे दोन टोल हिशेबात धरा.