रिमफायर रायफलवर स्कोप बसवणे आणि झिरो करणे

झिरो, म्हणजे ठरावीक अंतरावर गोळी क्रॉसहेअरवर (स्कोपमधील उभ्या-आडव्या रेघांच्या छेदावर) पडावी अशी जुळवणी, टिकत नाही अशी तक्रार असलेली रायफल हाती आली की मी स्कोपची काच किंवा काडतुसे पाहण्याआधी स्कोप रायफलला धरणाऱ्या माउंटचे स्क्रू तपासतो, आणि बहुतेक वेळा दोष तेथेच सापडतो. पॉइंट टू-टू (०.२२ इंच) रिमफायर, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या कडेवर आघात होऊन ते पेटते अशा, रायफलचा धक्का अगदी सौम्य असल्यामुळे कसेही बसवलेले माउंट चालेल असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात या सौम्य धक्क्यामुळे सैल माउंट एकदम न सरकता केसभर सरकत राहते, आणि नेमबाज तासभर स्वतःच्या श्वासाला व बोटाला दोष देत बसतो.

कामाला हात लावण्यापूर्वी मॅगझिन काढावे, बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता भाग) उघडावा आणि चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती जागा, रिकामे असल्याची डोळ्याने व बोटाने खात्री करून घ्यावी.

रिमफायर रायफलच्या रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या भागावर) बहुधा दोन समांतर खाचा असतात. त्यांची रुंदी काही रायफलींवर ११ मिमी, तर काहींवर साडेनऊ मिमीच्या आसपास असते. हा फरक नजरेला जाणवत नाही, पण चुकीच्या मापाची रिंग (माउंटचा स्कोपच्या नळीला धरणारा भाग) फक्त कडेवर पकडते. म्हणून माप घेऊनच रिंगा निवडाव्यात. खाचांऐवजी रेल (माउंटसाठी वर बसवलेली पट्टी) असलेल्या रायफलला त्या रेलच्या रिंगा लागतात. स्कोपच्या नळीचा व्यास २५.४ मिमी आहे की ३० मिमी, हेही पाहावे. पुढची मोठी काच बॅरलला टेकणार नाही आणि बोल्टचा दांडा मोकळा फिरेल, इतपतच उंची ठेवावी. स्कोप निवडताना त्याचे पॅरॅलॅक्स (डोळा हलल्यावर क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकल्यासारखे दिसण्याचा दोष ज्या अंतरावर राहत नाही ती जुळवणी) ५० मीटरच्या आसपास जुळवलेले असावे. मोठ्या रायफलींसाठी ते सहसा १०० मीटरच्या जवळ ठेवलेले असते, आणि अशा स्कोपमधून कमी अंतरावर पाहताना डोळा थोडा हलला तरी क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकल्यासारखे दिसते.

खाचा आणि स्क्रूंचे आटे तेलमुक्त करून रिंगांचा खालचा भाग घट्ट बसवावा, स्कोप ठेवावा आणि वरच्या टोप्या इतक्याच आवळाव्यात की स्कोप हाताने सरकवता व फिरवता येईल. आता डोळे मिटून रायफल नेहमीसारखी खांद्याला लावावी, गाल कुंद्यावर टेकवावा आणि मगच डोळे उघडावेत. चित्राभोवती काळी कड दिसली, तर ती नाहीशी होईपर्यंत स्कोप मागे-पुढे करावा; डोळा आणि काच यांत साधारण ८ ते १० सेमी अंतर राहते. स्कोपसाठी मान पुढे ताणावी लागत असेल, तर स्कोपची जागा चुकली आहे असे समजावे.

त्यानंतर क्रॉसहेअर सरळ करावे. समोर २० ते २५ मीटरवर ओळंबा टांगावा, रिसीव्हर पाणसळीने समतल धरावा आणि उभी रेघ ओळंब्याच्या दोरीशी जुळवावी. ही रेघ कललेली राहिली, तर टरेटचे (स्कोपवरील जुळवणीच्या फिरत्या गुंडीचे) वर-खालचे प्रत्येक क्लिक गोळीला बाजूलाही नेते. टोप्यांचे स्क्रू एका बाजूचा एक, दुसऱ्या बाजूचा एक असे पाव-पाव फेऱ्याने आवळावेत, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवावी आणि टॉर्क पानाने (किती जोराने आवळले हे दाखवणाऱ्या पान्याने) निर्मात्याने सांगितलेल्या मापावर थांबावे. ते माप बऱ्याच रिंगांसाठी २ न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी असते. जास्त आवळल्यास नळी चेपते आणि आतील यंत्रणा अडकते.

झिरो करण्याचे काम परवानाधारकाने अधिकृत रेंजवर, मागे भक्कम मातीचा बांध असतानाच करावे, कारण ही छोटी गोळी एक किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. बोल्ट काढता येत असल्यास रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवून बॅरलमधून २५ मीटरवरील लक्ष्य मध्यभागी आणावे आणि रायफल न हलवता क्रॉसहेअर तेथे आणावे. मग बोल्ट बसवून तीन गोळ्या झाडाव्यात. एका गोळीवरून कधीही क्लिक फिरवू नये. तीन छिद्रांच्या पुंजक्याचा मध्य धरूनच दुरुस्ती करावी. हा मध्य क्रॉसहेअरच्या सुमारे १ सेमी वर ठेवला, की ५० मीटरवरील अंतिम झिरोचे काम थोडेच उरते.

पाव मिनिटाचे (कोनाचा मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १०० मीटरवर सुमारे ७ मिमी, म्हणून ५० मीटरवर साडेतीन मिमीच्या किंचित वर सरकते. ५० मीटरवर पाच गोळ्यांचा पुंजका ४ सेमी खाली आणि २ सेमी उजवीकडे पडला, तर ११ क्लिक वर आणि ५ ते ६ क्लिक डावीकडे फिरवावेत. टरेटवरील बाण गोळी कोणत्या दिशेला सरकेल हे दाखवतो, क्रॉसहेअर नव्हे. फिरवल्यावर पुन्हा पाच गोळ्या झाडून खात्री करावी.

वाऱ्याच्या दिवशी आडवी दुरुस्ती अंतिम मानू नये. काडतुसाचा प्रकार बदलला की पुंजका हलतो, कधी त्याच प्रकाराच्या दुसऱ्या लॉटनेही. त्यामुळे झिरो कोणत्या काडतुसावर केला हे वहीत लिहून ठेवावे. ५० मीटरवर झिरो केल्यावर सर्वसाधारण वेगाची गोळी १०० मीटरवर २० सेमी किंवा त्याहून खाली पडते, तर १० मीटरवर ती सुमारे १ सेमी खाली असते, कारण स्कोप बॅरलच्या वर बसलेला असतो. पहिल्या पन्नासेक गोळ्यांनंतर सर्व स्क्रू त्याच टॉर्कवर पुन्हा तपासावेत आणि स्क्रू फिरल्यास ५० मीटरवरील पुंजका नव्याने पाहावा.