काळ्या मातीत ट्रॅक्टर रुतला? या चुका टाळा

इंदूरच्या मराठी घरांतल्या पुष्कळांची शेती देपालपूर, सांवेर, हातोद या बाजूला आहे. आम्ही राहतो रामबागेत, शेत देपालपूरकडे. सप्टेंबर संपता संपता सोयाबीन काढणीला येतं आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस गाठतो. मग दुपार कलल्यावर शेतावरून फोन येतो, "भिया, ट्रॅक्टर फस गया." त्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत आपली माणसं काय करतात, यावर ट्रॅक्टर तासाभरात निघणार की दोन दिवस तिथेच उभा राहणार, हे ठरतं. कधी कधी चालवणारा धडधाकट घरी येणार की नाही, हेसुद्धा. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

रेस देऊ नका

चाक फिरतंय पण गाडी हलत नाही असं दिसलं, की हात आपोआप रेसवर जातो. सगळं बिघडतं ते इथे. माळव्याची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि साबणासारखी निसरडी होते. टायरच्या दातांमध्ये ती गच्च भरली की दात नसल्यातच जमा, राहतं ते नुसतं गुळगुळीत चाक. ते जितकं जोरात फिरवाल तितकं खाली खणत जाईल. शेवटी मागच्या अ‍ॅक्सलची पेटी आणि ट्रॅक्टरचं पोट चिखलावर टेकतं. पोट टेकलं की वजन चाकांवर राहतच नाही, मग पकड यायची कुठून?

आमच्याकडे मी एक नियम घालून दिला आहे. चाकाचा एक फेरा पूर्ण झाला आणि ट्रॅक्टर वीतभरही सरकला नाही, तर क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचं आणि खाली उतरायचं. या टप्प्यावर थांबलेला ट्रॅक्टर फावड्याने निघतो. पोट टेकेपर्यंत झुंजलेल्या ट्रॅक्टरला दुसरा ट्रॅक्टर लागतो, आणि खरा धोका तिथूनच सुरू होतो.

उतरल्यावर आधी ओझं कमी करा. भरलेली ट्रॉली तशीच जोडलेली ठेवून ओढाताण करणारे मी दरवर्षी पाहतो. पोती उतरवायला अर्धा तास जाईल, जाऊ द्या. ट्रॉली सोडायची असेल तर तिच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा आणि दांड्याखाली भक्कम टेकू द्या, मगच पिन काढा. टेकू नसेल तर भरल्या ट्रॉलीचा दांडा थेट पायावर येतो. मागे रोटावेटर असेल तर आधी पीटीओ (अवजाराला इंजिनाची ताकद पोचवणारा मागचा फिरता दांडा) बंद करा, मग हायड्रॉलिकवर सावकाश उचला. चिखलात रुतलेलं अवजार जहाजाच्या नांगरासारखं ट्रॅक्टरला धरून ठेवतं.

आधी फावडं, मग डिफरन्शियल लॉक

चिखल नुसता अडवत नाही, तो खालून ओढून धरतो. म्हणून पोटाखालची माती मोकळी करून तिथे हवा शिरू द्यायला हवी. चाकाभोवती साचलेल्या पाण्याला उताराकडे एक चारी काढून द्या. चाकाच्या मागे उभी कड ठेवू नका, तिरका उतार काढा. टायरच्या दातांतला चिखल सळईने किंवा खुरप्याने खरवडून काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण फरक लगेच दिसतो. उतारावर मुरूम, खडी, जाड फळ्या किंवा तुराट्यांच्या पेंढ्या आडव्या टाका. सोयाबीनचं कुटार एकटं टाकून उपयोग होत नाही, ओलं झालं की तेच घसरतं. रिकामी पोती चाकात गुंडाळली जातात. आणि चाकाच्या रेषेत, पुढे किंवा मागे, कुणालाही उभं राहू देऊ नका. चाकाखालून सुटलेली फळी गोळीसारखी येते.

एकच चाक फिरत असेल तर डिफरन्शियल लॉक वापरा, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र बांधून सारखी फिरवणारं पेडल. इथली नेहमीची चूक म्हणजे चाक गरगर फिरत असतानाच पेडल दाबणं. त्याने आतले दात तुटतात. क्लच दाबा, चाक थांबू द्या, लॉक दाबा, मग क्लच हळूहळू सोडा. लॉक लागलेला असताना स्टिअरिंग वळवायचं नाही, सरळच चालायचं. लॉक नसेल किंवा चालत नसेल तर डाव्या-उजव्या ब्रेकची पेडलं एकत्र जोडणारी कडी सोडा आणि फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक हलकासा दाबा. ताकद दुसऱ्या चाकाकडे वळते.

पहिला प्रयत्न रिव्हर्समध्येच करा. ज्या वाटेने आलात तिथली जमीन तुमच्या चाकांनी दाबलेली असते, हा एक फायदा. दुसरा फायदा जिवाचा आहे. पुढच्या गिअरमध्ये मागची चाकं घट्ट अडकली असतील, तर इंजिनाची ताकद चाकं फिरवण्याऐवजी ट्रॅक्टरचं तोंडच वर उचलते. रिव्हर्समध्ये तेच तोंड खाली दाबलं जातं.

यासाठीच मागच्या चाकांना ओंडका बांधण्याच्या युक्तीला माझा विरोध आहे. गावात ती सर्रास चालते, ट्रॅक्टर निघतोही. पण ओंडक्याने चाक अडलं की तोंड उचललं जातं, आणि चाक फिरलंच तर तोच ओंडका अर्ध्या फेऱ्यात वर येऊन मडगार्ड फोडतो. मडगार्डच्या शेजारी बसलेला असतो चालवणारा.

साखळी कुठे बांधता?

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका. ओढणाऱ्या ट्रॅक्टरची साखळी फक्त मागच्या खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे ओढण्यासाठी असलेल्या पट्टीला, गुडघ्याच्याही खाली. टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी नाही, सीटमागच्या कुठल्या कडीला नाही, अ‍ॅक्सलवर गुंडाळूनही नाही. ओढ मागच्या अ‍ॅक्सलच्या वरून लागली की ट्रॅक्टर मागे उलटायला बघतो. उलटायला लागल्यावर सावरायला एक सेकंदही पुरता मिळत नाही. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांवर चालवणाऱ्याला वाचवेल अशी मजबूत चौकट नसते.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आमचा ट्रॅक्टर नाल्याजवळ रुतला होता, माझा मामेभाऊ शेजारचा ट्रॅक्टर घेऊन ओढायला आला. साखळी तोकडी पडत होती, ड्रॉबार चिखलाने माखला होता, म्हणून कुणीतरी ती वर टॉप लिंकच्या कडीत अडकवली. मी बांधावर होतो, माझंही लक्ष गेलं नाही. त्याने क्लच सोडला आणि ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाकं जमिनीपासून सुटली. हवेत ती सावकाश फिरत होती आणि त्यांच्यावरून चिखलाचे गोळे गळत होते. आमचा हाळी, म्हणजे शेतावरचा गडी, ओरडला, "क्लच दबाओ, क्लच!" मामेभावाचा पाय क्लचवर पडला म्हणून चाकं खाली आली. मामेभाऊ उतरला आणि बराच वेळ बांधावर बसून राहिला. साखळी वर बांधली गेलेली मी बघायला हवी होती. त्या दिवसापासून साखळी कुणीही बांधो, ती शेवटची तपासतो मीच.

रुतलेल्या ट्रॅक्टरला साखळी पुढच्या बाजूच्या ओढायच्या पिनला लावा. स्टिअरिंगच्या दांड्याला लावली तर तो वाकतो. नायलॉनचा दोर वापरू नका. तो रबरासारखा ताणला जातो आणि तुटला की लोखंडी हुकासकट उसळून येतो. तारेचा दोरही तुटला की चाबकासारखा फिरतो. चांगल्या कड्यांची जाड साखळी घ्या, मधोमध एक ओलं पोतं टाका, आणि साखळीच्या लांबीच्या दीडपट अंतराच्या आत दोन चालकांखेरीज कुणी नको. पोरं तर नकोतच. झटका द्यायचा नाही. आधी साखळी ताणून घ्या, मग सर्वांत खालच्या गिअरमध्ये एकसारखं ओढा. पुढची चाकं उचलतायत असं वाटलं की त्याच क्षणी क्लच.

जेसीबी बोलावलात तर तोही सात-आठ टनांचा असतो, हे लक्षात ठेवा. त्याला शेतात उतरवू नका, पक्क्या रस्त्यावर उभा करून लांब साखळीने ओढा. हार्वेस्टर रुतला असेल तर आधी टाकीतला दाणा रिकामा करा, आणि साखळी कटरच्या भागाला कधीही लावू नका.

मुळात शेतात उतरायचं कधी

ओलं शेत कामाला उतरण्याजोगं सुकलं की त्याला आपल्याकडे मराठीत वापसा म्हणतात, माळवीत बतर. वापसा आहे की नाही ते हाताने कळतं. वीतभर खोलवरची माती मुठीत दाबा, अंगठ्याने घासा. ती चकचकीत होऊन पसरली तर त्या दिवशी ट्रॅक्टर अंगणातच बरा. वर कोरडी दिसणारी काळी माती खाली ओली असते, आणि रस्त्यावरून पाहणाऱ्या मालकाला ते दिसत नाही. खंडवा रोडवरच्या सोयाबीन संशोधन संस्थेचा सल्ला आहे की किमान १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरणी करावी. आमच्याकडे तेवढा आकडा ऐकला की लोक दुसऱ्याच सकाळी ट्रॅक्टर काढतात. तो आकडा बियाण्यासाठी आहे. चाकांसाठी त्यानंतरची उघडीप लागते.

ट्रॅक्टर निघाला की चाकांच्या खड्ड्यांत मुरूम भरून घ्या, नाहीतर पुढच्या पावसात तिथेच पाणी साचेल. ब्रेक धुऊन घ्या, आणि पुढच्या चाकांचे बेअरिंग धुऊन त्यांत ग्रीस भरा. आणि शेतातून देपालपूर रोडवर चढण्याआधी दोन्ही ब्रेकची सोडलेली कडी पुन्हा जोडा. ती तशीच सुटी राहिली आणि भर रस्त्यात एकच ब्रेक लागला, तर ट्रॅक्टर जागच्या जागी आडवा फिरतो.