गुडघा बदलल्यावर फोनवर ‘बरं आहे’ सांगणाऱ्यांनो, या चुका टाळा

गुडघा बदलून माणूस साधारण चार-पाच दिवसांत घरी येतो. नंदुरबार-शहाद्याकडचे पुष्कळ जण सुरतेहून येतात, चोपडा-यावलकडचे जळगावहून, आणि ज्यांची पोरं पुण्याला आहेत ते पुण्याहून. मग गाव, घर, खाट आणि फोन. ड्रेसिंग, गोळ्या, व्यायाम, सूज, ताप हे सगळं पुढचा दीड-दोन महिने बरंचसं फोनवरूनच बघायचं असतं, आणि त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला माझ्यासारखी एखादी नर्स असते. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींना मर्यादा घातली. तेव्हापासून सांधा कोणत्या कंपनीचा, कितीला बसला, हे घरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. घरी आल्यावर तो पाय रोज कोण बघणार, हे मात्र कुणीच ठरवलेलं नसतं.

फोनवर कसली आलीय नर्सिंग, असं म्हणणारे बरेच भेटतात. फोनवर नर्सिंग होते, पण समोरच्याने जे आहे ते दाखवलं तरच.

फोन पुण्यातल्या मुलाकडे, पाय यावल तालुक्यात

ही माझी सगळ्यात जुनी तक्रार. दवाखान्याच्या फॉर्मवर मोबाईल नंबर मुलाचा असतो, कारण फॉर्म त्याने भरला आणि बिलही त्यानेच दिलं. मी विचारते, रात्री झोप लागली का, पोटरी दुखते का, शौचाला साफ झालं का? तो म्हणतो, “थांबा सिस्टर, विचारतो.” दुसऱ्या फोनवरून वडिलांना लावतो. वडील म्हणतात, “बठ्ठं बेस शे.” तो मला सांगतो, सगळं छान आहे.

आता सत्तरीचा माणूस लांबच्या पोराला दुसरं काय सांगणार? दुखतं म्हटलं तर पोरगा रजा टाकून येईल, नोकरीवर बोलणी खाईल, पुन्हा दवाखाना, पुन्हा खर्च. म्हणून बेस शे. हे उत्तर ऐकायला नर्स कशाला हवी?

यावल तालुक्यातले केळीवाले एक आप्पा होते. पुण्यातला मुलगा मोठा तत्पर. रोज संध्याकाळी मला व्हिडिओ यायचा: अंगणात खुर्ची, आप्पा बसलेले, पाय हळूहळू मागे घेतायत, नव्वद अंशांच्या पुढे सहज. घरच्या ग्रुपवर त्यावर टाळ्या पडायच्या. मी सुनबाईंचा नंबर मागत राहिले. “तिला काय समजतं सिस्टर, ती कामात असते, मी आहे ना.” पाय धुवायला, ड्रेसिंग सांभाळायला, संडासापर्यंत हात द्यायला तीच होती, पण सांगणार पुण्याहून हा.

पाचव्या आठवड्यात मुलगा म्हणाला, आप्पा जरा लंगडतात आणि उभं राहिलं की मांडी भरून येते. मी त्याला सांगितलं, घरात आत्ता जी बाई आहे तिच्या हातात फोन दिल्याशिवाय मी पुढे बोलणार नाही. सुनबाई आल्या आणि म्हणाल्या, “वाकतो छान, पण खाटेवर झोपले की गुडघा वरच राहतो, खाली टेकत नाही.” ही गोष्ट त्यांनी पहिल्याच आठवड्यात पाहिली होती. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

मोबाईल खाटेच्या उंचीवर, बाजूने, कमरेपासून टाचेपर्यंत पाय दिसेल असा धरायला लावला. गुडघ्याखालून मूठ आरपार जात होती. आणि शेजारी उशी पडलेली होती. घरच्या कापसाची, आप्पांच्या बहिणीने खास गुडघ्याखाली ठेवायला भरून दिलेली. घरी आल्या दिवसापासून रात्रंदिवस ती तिथेच होती.

गुडघ्याखालची उशी

ऑपरेशननंतर सुजलेल्या सांध्याला थोडं वाकलेलं राहणं सगळ्यात सोयीचं वाटतं. म्हणून पेशंट उशी मागतो आणि घरचे मायेने देतात. मागचे स्नायू आणि सांध्यामागचं आवरण त्याच स्थितीत आखडत जातं. वाकणं तीन-तीन महिने सुधारत राहतं, पण सरळ होणं सुरुवातीच्या आठवड्यांत गेलं तर मागाहून मिळवणं फार जड जातं. गुडघा पूर्ण सरळ होत नसला की नुसतं उभं राहायलाही मांडीचा स्नायू सतत ओढून धरावा लागतो. मग लंगडणं आलं, कंबर आली, आणि दुसरा गुडघाही कुरकुरायला लागतो.

भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, “किती वाकतो?” किती सरळ होतो, हे आजवर एकाही पाहुण्याने विचारलेलं मी ऐकलं नाही.

माझी पद्धत अशी: टॉवेलची गुंडाळी टाचेखाली, गुडघा अधांतरी, दहा मिनिटं. दिवसातून चार-पाच वेळा. वेळ लक्षात राहत नाही म्हणून मी चहाला बांधून देते. घरात चहा टाकला की टाचेखाली टॉवेल. त्याच वेळी मांडी आवळून गुडघा खाटेकडे दाबायचा, पाच मोजायचे, सोडायचं. दुखेल, आणि उशी देण्यापेक्षा ते दुखणं बरं. सुजेसाठी पाय उंच ठेवायचा तर टाचेपासून पूर्ण पायाला आधार द्या, गुडघा सरळ ठेवून. आणि रोज सकाळी सरळ झोपवून गुडघ्याखाली तळहात सारून बघा. आरामात जात असेल तर त्याच दिवशी कळवा.

आप्पांचा पाय पुढे सरळ झाला, जवळजवळ. सर्जनकडे पुन्हा फेरी आणि फिजिओकडे दोन महिने घासावं लागलं, आणि मुलाला शेवटी रजा टाकावीच लागली.

जवळून काढलेला फोटो

टाक्यांच्या इतक्या जवळ जाऊन फोटो काढतात की तो गुडघा आहे की हाताचं कोपर, तेही कळू नये. वर पिवळा बल्ब, वर फ्लॅश. काही फोनचा कॅमेरा कातडी गुळगुळीत करून दाखवतो, त्यात लाली धुऊन निघते. सेल्फीसाठी ठेवलेलं ते सेटिंग आधी बंद करा.

फोटो सकाळी, दाराजवळच्या उजेडात, दोन्ही गुडघे एकाच चौकटीत. दुसरा गुडघा शेजारी नसेल तर सूज कशाशी ताडून बघू? बर्फ काढल्या काढल्या फोटो नको. गारठ्याने कातडी तशीही लाल होते. लाली दिसत असेल तर तिच्या कडेने पेनाने रेघ मारा आणि दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली का ते सांगा. सावळ्या कातडीवर लाली धड दिसत नाही, तिथे हाताची मागची बाजू आधी एका गुडघ्याला, मग दुसऱ्याला लावायची. बदललेला गुडघा काही महिने थोडा गरम आणि सुजलेला राहतोच. कालच्यापेक्षा आज जास्त गरम आहे का, तेवढं मला हवं असतं. काढलेलं ड्रेसिंग फेकण्याआधी त्याचाही फोटो काढा. किती आणि कोणत्या रंगाचं पाणी आलं ते त्यावरच दिसतं.

काळानिळा डाग मांडीवरून घोट्यापर्यंत उतरला म्हणून रात्री अकराला फोन येतात. रक्त खाली झिरपतं, डाग उतरतो, पिवळा होतो, जातो. टाक्यांच्या बाहेरच्या अंगाला बधिर वाटणं आणि आतून टक्-टक् येणं, याचीही भीती नको.

तेल, शेक आणि गावातली सुई

पोटरी दुखली की तेल गरम होतं. खान्देशात तरी प्रत्येक घरात मालिश करणारी एक आत्या असतेच. ऑपरेशननंतर पोटरीत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून तर रक्त पातळ करणारी गोळी किंवा पोटात टोचायचं इंजेक्शन दिलेलं असतं. एकच पोटरी सुजली, टणक झाली, दाबल्यावर दुखते, तर त्या पायाला कुणी हात लावायचा नाही. त्याच दिवशी दवाखाना. श्वास लागला, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त आलं तर मलाही फोन करत बसू नका, १०८ लावा.

ती रक्त पातळ करणारी गोळी “आता बरं आहे” म्हणून स्वतःहून बंद करणारे असतात. ती चालू असतानाच मेडिकलवाल्याकडून अंगदुखीची वेगळी गोळी आणून घेणारेही असतात. पहिल्या चुकीने गुठळी, दुसरीने पोटात रक्तस्राव, आणि म्हाताऱ्या माणसाच्या किडनीवर ताण वेगळाच. डिस्चार्ज कार्ड मिळालं त्याच दिवशी दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा. बहुतेक घरांत ते गादीखाली सापडतं, तेही महिन्याने. घरात आधीपासून चालू असलेल्या बीपी-शुगरच्या गोळ्यांच्या पट्ट्याही शेजारी मांडून फोटोत घ्या.

आता सुई. टाक्यातून पाणी येतंय, गुडघा तापलाय, शंभरच्या वर ताप टिकलाय. घरचे गावातच दाखवतात, तिथे अँटिबायोटिकचं इंजेक्शन मिळतं. दोन दिवसांत लाली उतरते, सगळे खुश. पारोळ्याकडच्या एका आजींचं असंच झालं. पंधरा दिवसांनी लाली परत आली, पुन्हा सुई, पुन्हा उतरली. सर्जनसमोर गेल्या तेव्हा सांध्यातल्या पाण्याच्या तपासणीत जंतू धड उगवेनात, कारण औषधाने ते अर्धे दबलेले होते. कोणता जंतू हेच कळेना, तर औषध कोणतं द्यायचं? कृत्रिम सांध्यावर जंतू एकदा थर करून बसले की गोळ्यांनी सहसा भागत नाही, पुन्हा ऑपरेशन करून सांधा धुवावा लागतो, कधी काढावाही लागतो. म्हणून संशय आला तर आधी ज्याने ऑपरेशन केलं त्याला दाखवा, मग औषध. आणि बदललेल्या गुडघ्यात ‘पाणी काढायला’ किंवा ‘ताकदीची’ सुई गावात कुणालाही घालू देऊ नका, तो कितीही ओळखीचा असो.

बाकीचं

बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, उघड्या कातडीवर नाही. मे महिन्यात वीज गेली तर रसवंतीवरून आणा.

व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास डॉक्टरांनी लिहून दिलेली दुखण्याची गोळी घ्या. “सहन होतंय” म्हणून गोळी टाळायची आणि मग व्यायामही टाळायचा, यात कसलं शौर्य?

दुखण्याच्या काही गोळ्यांनी शौचाला खडा होतो. चार-चार दिवस लाजून कुणी सांगत नाही. सासऱ्यांसमोर सुनेला विचारता येत नसेल तर सासऱ्यांनीच मला एकट्याने फोन करावा.

वॉकरची उंची मनगटाच्या रेषेइतकी, खालचे रबर झिजले तर लगेच बदला. उंबरठा, ओली फरशी आणि जमिनीवर अंथरलेली गोधडी यांवर पाय घसरून पडलेले पेशंट मी पाहिलेत.

काठी चांगल्या पायाकडच्या हातात.

जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. उन्हाळ्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपायला जायचा हट्ट यंदा सोडा.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, झोका बांधला की आजींना बसवायचा मोह होतो. बसवू नका. भरिताच्या पंगतीतही त्यांना खुर्ची द्या, आणि संडासात कमोड खुर्ची ऑपरेशनच्या आधीच आणून ठेवा.

घाई

दहा दिवसांत काठी फेकून चालणाऱ्या बाईंचा व्हिडिओ मला आठवड्याला कुणी ना कुणी पाठवतं. “आमच्या माय अजून वॉकरवर का?” कारण त्या तुमच्या माय आहेत, व्हिडिओतल्या बाई नाहीत. वॉकर दोन-चार आठवडे, मग काठी, घरातली बरीचशी कामं दीड ते तीन महिन्यांत. सूज सहा महिनेही रेंगाळते. दोन आठवड्यांपर्यंत नव्वदपर्यंत वाकला तर मला पुरतं.

त्याहून वाईट घाई तरण्या नातवांची. पाय धरून जोराने वाकवतात. एका फटक्यात मिळालेले दहा अंश दुसऱ्या दिवशीच्या सुजेत जातात, वर आजी नातवाला जवळ येऊ देत नाही. खुर्चीवर बसवा, टाच जमिनीवरून हळूहळू मागे सरकवा. त्या बाजूचं ढुंगण खुर्चीवरून उचललं जातंय का ते बाजूने बघा. उचललं तर गुडघा वाकलेला नाही, कंबर वाकली आहे.

आणि सहा महिन्यांनी, सगळं सुरळीत झाल्यावर, दात काढायचा असेल तर डेंटिस्टला गुडघा बदललाय हे खुर्चीवर बसण्याआधी सांगा. शेतात पायाला काटा रुतला आणि जखम चिघळली, किंवा लघवीला जळजळ होऊन ताप आला, तर तेही अंगावर काढू नका. तिथले जंतू रक्तातून गुडघ्यापर्यंत जाऊ शकतात, आणि शुगर असेल तर धोका आणखी जास्त.