वळवाच्या पावसात भाजीची रोपवाटिका कशी सांभाळावी

मिरची, वांगी आणि पावसाळी वेलभाज्यांची रोपे गोव्यात साधारणपणे मेच्या उत्तरार्धात, रोहिणी नक्षत्राच्या आगेमागे, तयार करायला घेतली जातात. नेमके याच दिवसांत हवामान सर्वांत बेभरवशाचे असते. दुपारपर्यंत कडक ऊन आणि घामटा, मग सह्याद्रीच्या बाजूने दाटून येणारे मळभ आणि तासाभरात कोसळून जाणारा वळीव, असा क्रम दिवसामागून दिवस चालतो. जून उजाडला की मोसमी पाऊस आठवडाभर उसंत देत नाही. दोन पानांवर आलेले मिरचीचे रोप यांतला कोणताही एक मारा कदाचित सोसेल, पण आधी तापलेल्या आणि लगेच चिंब झालेल्या मातीत त्याचे खोड जमिनीलगत कुजते व सकाळी पाहावे तर वाफ्यातली रोपे ओळीने आडवी झालेली दिसतात.

मोसमी पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येईल हे गृहीत धरून पेरणीचा दिवस ठरवणे आता धोक्याचे झाले आहे. २०२५ साली तो २५ मे रोजीच गोव्यात दाखल झाला आणि त्याआधीचे काही दिवसही मुसळधार पावसाचे होते. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा वाऱ्याने मोठी झाडे उन्मळून पडली, तिथे बांबूच्या कांब्यांवर ताणलेल्या प्लास्टिकचा टिकाव लागणे कठीणच होते. म्हणून रोपवाटिकेची सारी तयारी १५ मेपूर्वी संपवावी आणि पेरणी एकदम न करता निम्मे बियाणे आधी, उरलेले आठ-दहा दिवसांनी, अशी विभागून करावी. घरचे राखेत घोळून जपलेले बियाणे असेल तर ही काळजी अधिकच घ्यावी, कारण ते वाण बाजारात पुन्हा मिळेलच असे नाही.

रोपे वाचवायची म्हटली की बहुतेकांचे लक्ष प्रथम छपराकडे जाते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. छपराखालची रोपेही मरतात, कारण पाणी वरून आले नाही तरी बाजूने आणि खालून येते. १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटर जागेवर १०० लिटर पाणी. एवढा पाऊस एका दिवसात झाला तर तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद वाफ्यावर ३०० लिटर पाणी पडते, शिवाय आसपासच्या जागेवरून वाहून येणारे वेगळेच. काणकोण तालुक्यात खोला मिरची डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर घेतली जाते. तिथे रोपांवर कोणतेही आच्छादन नसते, तरीही ती मुसळधार पावसात तग धरतात, कारण उतारामुळे पाणी मुळांशी थांबत नाही. सपाट परसात किंवा कुळागराच्या (नारळ-पोफळीच्या बागेच्या) कडेला रोपवाटिका करणाऱ्याने हाच उतार हाताने तयार करावा लागतो.

त्यासाठी जागा निवडताना भातशेतीचा सखल भाग आणि जिथे गेल्या वर्षी वांगी, मिरची किंवा टोमॅटो होते ती जागा टाळावी, कारण जिवाणूजन्य मर रोगाचे जिवाणू मातीत दीर्घकाळ टिकून राहतात. वांग्यासाठी अर्का केशव, अर्का निधी किंवा अर्का नीलकंठ यांसारखे या रोगाला दाद न देणारे वाण उपलब्ध आहेत. गादीवाफा एक मीटर रुंद ठेवावा आणि त्याची उंची नेहमीच्या १५ सेंटिमीटरऐवजी २० ते २५ सेंटिमीटर करावी. माथा मध्यभागी किंचित फुगीर असावा, म्हणजे त्यावर डबके साचणार नाही. चिऱ्याचे तुकडे, नारळाचे ओंडके किंवा पोफळीच्या फाळ्या कडेला लावल्यास वाफा ढासळत नाही. दोन वाफ्यांमध्ये अर्धा मीटर चर असावा आणि त्या चराचे पाणी शेवटी कुठे जाते हे प्रत्यक्ष चार बादल्या ओतून पाहावे. वरच्या अंगाने वाहून येणारे पाणी अडवण्यासाठी रोपवाटिकेच्या वर एक आडवा चर खणणे हे माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम आहे आणि नेमके तेच बहुधा राहून जाते.

आपली जांभ्याची माती आम्लधर्मी असते, त्यामुळे माती परीक्षणाच्या निष्कर्षानुसार चुना द्यायचा असल्यास तो पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी मिसळावा. एप्रिलमध्येच वाफे तयार झाले असतील तर ते ओले करून पारदर्शक पातळ प्लास्टिकने किमान चार आठवडे घट्ट झाकून ठेवावेत. उन्हाने तापलेल्या मातीतील रोगकारक बुरशी आणि तणाचे बी बऱ्याच अंशी नष्ट होते. पेरणीच्या वेळी ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) १०० ग्रॅम बियाण्यास १ ग्रॅम या प्रमाणात चोळावे आणि चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून वाफ्यातही द्यावे. ओळींत १० सेंटिमीटर अंतर राखून बी एक सेंटिमीटर खोल पेरावे. दाट पेरलेल्या वाफ्यात हवा खेळत नाही आणि रोपे कोलमडण्याची सुरुवात तिथूनच होते.

आता छपराविषयी. नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप मेच्या उन्हासाठी उत्तम असतात, पण संततधार पावसात ते भिजून जड होतात आणि खाली अंधार करतात. त्यामुळे ऊन असेपर्यंत झाप किंवा ५० टक्के सावलीची जाळी आणि पावसाची चाहूल लागताच पारदर्शक प्लास्टिक, अशी दुहेरी सोय असावी. कांब्यांच्या कमानी एकेक मीटरवर रोवून त्यांवर प्लास्टिक इतके ताणून बांधावे की कुठेही पाण्याची झोळी होऊ नये. प्लास्टिक रोपांच्या शेंड्यांना टेकता कामा नये. वळवाचा वारा बहुधा पूर्वेकडून येतो आणि मोसमी वारा पश्चिम-नैऋत्येकडून, त्यामुळे एकाच बाजूला आडोसा करून भागत नाही. दोन्ही अंगांचे दोर पक्के हवेत. वारा फार वाढण्याचा इशारा असल्यास प्लास्टिक उतरवून रोपांवर झाप आडवे बांधणे अधिक सुरक्षित ठरते. पाऊस थांबताच बाजू उघडाव्यात. बंद प्लास्टिकखाली तासाभराच्या उन्हातही रोपे वाफाळून जातात, आणि हे नुकसान पावसाच्या नुकसानीइतकेच सर्रास होते.

ज्यांच्याकडे रोपे थोडी आहेत त्यांनी ९८ कप्प्यांच्या ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरून रोपे करावीत, कारण ट्रे उचलून पडवीत नेता येतो. काकडी, दोडकी, घोसाळी आणि दुधी यांना मुळे दुखावलेली सोसत नाहीत. ती लहान पिशव्यांत पेरून दोन-तीन पानांवर लावावीत. सात शिरांची भेंडी मात्र थेट वरंब्यावरच टोकावी.

भारतीय हवामान विभाग पिवळा, नारिंगी किंवा लाल इशारा जाहीर करतो तेव्हा रोपवाटिकेसाठी सायंकाळपूर्वीचे काम नेमके आहे: चर मोकळे करणे, त्या दिवशी पाणी न देणे, ओळींमध्ये सुक्या गवताचा पातळ थर पसरणे. थेंबांच्या माऱ्याने उडालेला चिखल पानांच्या खालच्या बाजूला बसतो आणि त्याबरोबर बुरशीही. गवताचा थर हे रोखतो.

जोराच्या पावसानंतर सकाळीच वाफ्यावर जावे. साचलेले पाणी काढून, पानांवरचा चिखल झारीने स्वच्छ पाण्याची हलकी धार सोडून धुवावा आणि वाफसा आल्यावर, म्हणजे माती हाताला न चिकटण्याइतकी सुकल्यावर, वर बसलेला मातीचा पापुद्रा काडीने हलकेच फोडावा. एखाद्या कोपऱ्यात रोपे कोलमडलेली दिसल्यास ती मातीसकट उचलून दूर पुरावीत आणि भोवतालच्या जागेत कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक प्रति लिटर ३ ग्रॅम या प्रमाणात मुळांशी ओतावे. या औषधाने ट्रायकोडर्मालाही बाधा होऊ शकते, म्हणून दोन्ही एकाच वेळी वापरू नयेत. नुसती वाकलेली रोपे उपटण्याची घाई करू नये. खोड हिरवे असेल तर मातीचा आधार देताच ती बहुधा दोन-तीन दिवसांत उभी राहतात. रात्री गोगलगायी येत असतील तर ओले गोणपाट वाफ्याच्या कडेला टाकून ठेवावे आणि पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकाव्यात. राख पावसात टिकत नाही, तिच्यावर विसंबू नये.

लावणीच्या आधी पाच-सहा दिवस पाणी हळूहळू कमी करून, सावली आणि प्लास्टिक दिवसा पूर्ण काढून रोपे कणखर करावीत. मिरची आणि वांग्याची रोपे चार ते पाच आठवड्यांची, १२ ते १५ सेंटिमीटर उंचीची झाली की लावण्यास योग्य होतात. लावणी पावसाची उघडीप पाहून, ढगाळ दिवशी किंवा सायंकाळी करावी. नांगे (रोपे मेल्याने रिकाम्या राहिलेल्या जागा) भरण्यासाठी दहातील एक रोप तरी वाफ्यात मागे ठेवावे.