कबरीचा कललेला दगड सरळ केला

आईच्या कबरीवरचा संगमरवरी दगड पहिल्याच पावसाळ्यात कलला. दगडात दोष नव्हता, खालची भर खचली होती. गवंडीकाकांनी दगड उतरवला, भुसभुशीत माती काढली, पाणी मारत थराथराने मुरूम ठोकला, वर काँक्रीटचा पाया घातला आणि पाणसळ लावून दगड पुन्हा बसवला. नव्या कबरीवर घाई नकोच. निदान एक पावसाळा जाऊ द्यावा.

शेवाळ काढायला काहीजण अ‍ॅसिड सुचवतात. अजिबात वापरू नका! संगमरवर चुनखडीचाच, अ‍ॅसिडने तो विरघळतो आणि कोरलेली अक्षरं बोथट होतात. तारेचा ब्रशही नको. २ नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवसाआधी मी साधं पाणी आणि मऊ नायलॉन ब्रश घेऊन जाते. तिच्या नावातल्या वेलांटीत माती अडकते, ती बांबूच्या काडीने हलकेच निघते.