अनोळखी माणसाशी प्रभू येशूविषयी कसे बोलावे

1893 साली मराठी कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यातल्या एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्याशी प्रथम संस्कृत काव्याविषयी बोलणे काढले, मग त्यांची धर्मविषयक मते विचारली आणि नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली. वाचता वाचता येशूच्या डोंगरावरील प्रवचनाशी आल्यावर टिळकांना ते पुस्तक खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशाने आरंभ टिळकांच्या आवडीच्या विषयापासून केला, हे सुवार्ता सांगू इच्छिणाऱ्याने नीट ध्यानात घ्यावे.

म्हणून आधी समोरच्याचे ऐकावे. याकोबाच्या विहिरीवर प्रभू येशूने शोमरोनी स्त्रीकडे प्यायला पाणी मागितले आणि तिथून संभाषण सुरू झाले. एसटीत शेजारी बसलेला माणूस पावसाविषयी, मुलीच्या परीक्षेविषयी किंवा आईच्या आजारपणाविषयी बोलत असेल, तर त्याला मनापासून प्रश्न विचारावेत. आपला विषय कधी काढता येईल याची वाट पाहत ऐकणे म्हणजे ऐकणे नव्हे, आणि समोरच्याला ते लगेच कळते.

स्वतःची साक्ष मात्र घरीच तयार करावी. प्रभूने आपल्या आयुष्यात काय केले, हे दोन मिनिटांत सांगता येईल इतके कागदावर लिहावे आणि ख्रिस्ती नसलेल्या एखाद्या मित्राला मोठ्याने वाचून दाखवावे. इथे आपल्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, भाषा आड येते, असा माझा अनुभव आहे. ‘माझे तारण झाले’, म्हणजे पापातून सुटका झाली, असे आपण सहज म्हणतो, पण बाहेरच्या मराठी माणसाला तारण म्हटले की कर्जासाठी गहाण ठेवलेले घर किंवा दागिने आठवतात. ‘साक्ष’ म्हटले की कोर्ट आठवते, आणि ‘मंडळी’ म्हणजे त्याच्या दृष्टीने जमलेली माणसे. त्याऐवजी ‘मला क्षमा मिळाली’, ‘भावाशी धरलेला अबोला मी सोडला’ असे घडलेले सांगावे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्यात ख्रिस्तकथा मराठी ओवीत सांगितली, आणि टिळकांनी आपली भक्ती अभंगांत गायिली. ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या बोलीत सांगण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे.

बोलण्याच्या ओघात श्रद्धेचा विषय निघाला, तर ‘मी याविषयी थोडे सांगितले तर चालेल का?’ असे विचारावे. उत्तर एका शब्दात आले किंवा नजर खिडकीबाहेर वळली, तर तिथेच थांबावे. पेत्राच्या पहिल्या पत्रात आपल्या आशेविषयी उत्तर देताना सौम्यतेने द्यावे असे सांगितले आहे, आणि ते उत्तर विचारणाऱ्याला द्यायचे आहे, हेही त्याच वचनात आहे.

कोणाच्याही देवाविषयी, संताविषयी किंवा सणाविषयी वाईट शब्द काढू नये. नोकरी, पैसा, शाळाप्रवेश किंवा आजार बरा होण्याची हमी यांचा विश्वासाशी संबंध जोडू नये. रुग्णालयातल्या रुग्णाशी तर अधिकच जपून वागावे, कारण नको म्हणण्याचे बळ त्याच्यात त्या वेळी असेलच असे नाही. राज्यघटनेच्या 25व्या अनुच्छेदाने धर्मप्रसाराचा हक्क दिला असला, तरी दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली स्पष्ट केले आहे. अनेक राज्यांत याविषयी स्वतंत्र कायदेही आहेत. आपण जिथे राहतो तिथला कायदा वाचून घ्यावा. मला वाटते, आमिष आणि दडपण टाळण्याचे पहिले कारण कायदा नसून स्वतः येशू आहे, ज्याने श्रीमंत तरुणाला खिन्न होऊन निघून जाऊ दिले.

अवघड प्रश्न आला आणि उत्तर ठाऊक नसेल, तर तसे सांगावे. घाई करू नये. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी बाप्तिस्मा घेतला तो 1900 साली, म्हणजे पतीनंतर पाच वर्षांनी, आणि तोही स्वतःच्या विचाराने.

वाचण्याची इच्छा दिसली तरच मार्काचे शुभवर्तमान द्यावे. ते चारांत सर्वांत लहान, 16 अध्यायांचे आहे. त्या व्यक्तीचा फोन नंबर मागू नये. तिने मागितला तर आपला द्यावा. रात्री प्रार्थनेत तिची आठवण करावी. नाव विचारायचे राहून गेले असेल, तर ‘खिडकीजवळ बसलेल्या त्या ताई’ एवढे म्हटले तरी पुरते.